शनिवारवाडा तोफांनी पडला नाही

पुण्याच्या शनिवारवाड्याविषयी एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की, पहिल्या बाजीरावांना सात मजली वाडा संपूर्ण दगडात बांधायचा होता. दगडी बांधकामाचा मान फक्त छत्रपतींचा, अशी साताऱ्याहून हरकत आल्याने वरचे मजले विटांचे झाले. आणि पुढे इंग्रजांच्या तोफांपुढे विटा कोसळून दगडी जोते तेवढे उरले.

तोफांची गोष्ट तारखांपुढेच टिकत नाही. पेशवे आणि इंग्रज यांच्यातली खडकीची लढाई 5 नोव्हेंबर 1817 रोजी झाली, 16 तारखेला येरवड्याजवळ पुन्हा गाठ पडली आणि शेवटचे पेशवे दुसरे बाजीराव पुणे सोडून निघून गेले. 17 तारखेला इंग्रजांना मिळालेल्या बाळाजीपंत नातूंनी वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढवले. वाडा लढून घ्यावाच लागला नाही, मग त्यावर तोफा कोणासाठी डागायच्या? त्यानंतरही तो दहा वर्षे उभा होता आणि खुद्द इंग्रजांनीच त्याच्या काही भागात तुरुंग व दवाखाना ठेवला होता. वाडा नष्ट झाला तो 27 फेब्रुवारी 1828 रोजी लागलेल्या आगीत, आणि ही आग कित्येक दिवस धुमसत होती.

याच मजकुराच्या काही प्रतींत ही आग इंग्रजांनी मुद्दाम लावल्याचे ठामपणे लिहिलेले असते. आगीचे कारण निश्चित झालेले नाही. पेशवाई बुडाल्याचा सल मलाही आहे, पण त्यापोटी पुरावा नसलेला आरोप इतिहास म्हणून पुढे पाठवणे मला मान्य नाही.

दगड आणि विटांचा मुद्दा अधिक नीट पाहायला हवा, कारण त्यात आपल्या वाडाबांधणीविषयीच गैरसमज आहे. खाली घडीव दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा, खांबांच्या मधल्या खणांत विटांच्या भिंती, आणि मध्ये उजेड व वारा देणारे चौक, ही या भागातील वाड्यांची रूढ पद्धत होती. भार लाकूड पेलत असे. विटांची भिंत बहुतांशी आडोशाची. दुसऱ्या बाजीरावांनी पुण्यातच बांधलेल्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागातले, सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब पाहिले की ही रचना लगेच ध्यानात येते, आणि तो वाडा बांधताना तर कोणाची हरकत येण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणूनच शनिवारवाडा जळाला तेव्हा सांगाड्याबरोबर मजलेही गेले. जोते उरले ते दगड जळत नाही म्हणून.

हा वाडा आरंभी सात मजली महाल म्हणून उभारला गेला, हेही खरे नाही. 10 जानेवारी 1730 रोजी पाया घातला, 22 जानेवारी 1732 रोजी वास्तुशांत झाली, दोन्ही दिवस शनिवारचे, आणि खर्च आला 16,110 रुपये. पुढचे मजले, महाल आणि कारंजी नंतरच्या पेशव्यांनी वाढवत नेली. साताऱ्याच्या हरकतीची जी जुनी हकिकत सांगतात, तीही दगडाविषयी नाही. उत्तरेकडे तोंड असलेल्या मोठ्या दरवाजाने मोगल बादशहाचा अवमान होईल, असे शाहू महाराजांना वाटले, अशी ती आहे.

तोच हा दिल्ली दरवाजा. त्याच्या फळ्यांवर हत्तींनी धडक देऊ नये म्हणून ठोकलेले अणकुचीदार खिळे आजही हाताला लागतात, आणि वर नगारखान्याचे लाकडी खांब अजून उभे आहेत.