तुमचं नक्की फील्ड कोणतं?

"एक ना धड, भाराभर चिंध्या." चार विषयांत रमणाऱ्याच्या तोंडावर मारायला आपल्याकडे हे वाक्य तयारच असतं. लग्नकार्यात कोणीतरी काका मला विचारतातच, "पण तुझं नक्की फील्ड कोणतं?" हल्ली मी उलट विचारते, दामोदर कोसंबींचं कोणतं होतं?

माणूस गणिताचा. जन्म गोव्यातला, शिक्षण हार्वर्डचं, मग फर्ग्युसनमध्ये शिकवलं, पुढे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर). आणि हे गृहस्थ तक्षशिलेची आहत नाणी, म्हणजे चिन्हांचे ठसे ठोकलेले प्राचीन चांदीचे तुकडे, तोलत बसले! नाणं हातोहाती फिरलं की झिजतं. फिरता फिरता पारख करणारे त्याच्या मागच्या बाजूला बारीक ठसे मारत, असं कोसंबींचं म्हणणं. त्यांनी ठसे मोजले, वजनं मांडली. जितके ठसे जास्त, तितकं सरासरी वजन कमी. ज्या चांदीच्या तुकड्यावर एक अक्षर नाही, तो किती काळ चलनात होता याचा अंदाज त्यातून बांधता आला. नुसत्या नाणेतज्ज्ञाकडे हे गणित नव्हतं आणि नुसता संख्याशास्त्रज्ञ अशा नाण्याकडे कशाला बघेल?

आनुवंशशास्त्रात गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढायचं त्यांचं 1944 चं सूत्र आजही वापरात आहे. पुण्याच्या टेकड्यांवर हिंडून अश्मयुगीन दगडी हत्यारं वेचली, तेही यांनीच.

आता कोणी म्हणेल, म्हणजे सगळ्यातलं थोडं थोडं. छे! संस्कृत कवी भर्तृहरीच्या शतकांची, म्हणजे शंभरेक श्लोकांच्या संग्रहांची, चिकित्सक आवृत्ती (1948) काढायची तर ढीगभर हस्तलिखितं ओळीओळीने ताडावी लागतात. हौशी माणूस आठवड्यात पळून जाईल. कुतूहलाला एवढी बैठक असेल तर मी त्याला चिंध्या म्हणणार नाही. (माझ्या मूत्रपिंडाचं ऑपरेशन मात्र मूत्रपिंडवाल्यानेच करावं, याबद्दल वाद नाही.)

गंमत म्हणजे परक्या अंगणात शिरणारा तिथेच तोंडघशी पडतो म्हणतात, पण कोसंबी सपशेल आपटले ते स्वतःच्याच गणितात. 1959 मध्ये त्यांनी रीमान गृहीतक, म्हणजे मूळ संख्यांशी जोडलेलं गणितातलं प्रसिद्ध न सुटलेलं कोडं, सिद्ध केल्याचा दावा छापला, आणि तो टिकला नाही.

हे सगळं आत्ता आठवलं ते भाचीमुळे. तिला संख्याशास्त्राबरोबर प्राचीन इतिहास घ्यायचाय. कॉलेजच्या खिडकीवर सांगितलं, "असं कॉम्बिनेशन बसत नाही, दोन्हीचे तास एकाच वेळेला आहेत." कुठल्या कॉलेजात बसत असेल तर कृपया कमेंटमध्ये सांगा. पुण्यातलं असेल तर उत्तम.