तीन तास लांब

आज एकीकडे हळदीकुंकवाला गेले होते. वाण घेऊन आले, तिळगूळ घेऊन आले आणि डोक्यात तिडीक घेऊन आले. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, उद्या ऑफिस आहे, तरी हे लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

झालं असं, की वर बायकांचं हळदीकुंकू आणि खाली बेसमेंटमध्ये पुरुषमंडळींची फुटबॉलची मॅच, नेहमीप्रमाणे. गूळपोळ्या गरम आहेत, वर या, असं सांगायला मी खाली गेले. तिथे आमच्या मंडळातले एक काका (वयाने काका नाहीत, आवाजामुळे सगळे काका म्हणतात) सोफ्यावर पाय पसरून बोलत होते. विषय एफबीआयचं हेडऑफिस, ते जवळच्याच दुसऱ्या इमारतीत हलवताहेत त्यावरून. "चार ब्लॉकवर कशाला नेताय? उचला सगळ्यांना आणि टाका अलाबामाला. वॉशिंग्टनमध्ये बसून माजलेत लेकाचे. जरा बदलीची झळ लागू दे."

बदलीची झळ! म्हणतंय कोण? तर कोविडपासून घरून काम करणारा माणूस. कंपनीने आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला या म्हटल्यावर याच काकांनी ग्रुपवर अन्याय अन्याय करत चार परिच्छेद लिहिले होते. ऑफिस घरापासून पंचवीस मिनिटांवर.

मी काही बोलले नाही. हातात तुपाची वाटी होती आणि सण गोड बोलायचा. म्हणून इथे बोलते.

भारतातल्या मैत्रिणींसाठी थोडक्यात. एफबीआयचं मुख्यालय म्हणजे वॉशिंग्टनच्या पेन्सिल्व्हेनिया अॅव्हेन्यूवरची हूवर बिल्डिंग. १९७५ साली उघडलेली, अख्खी काँक्रीटची. मी रोज मेट्रोने आर्काइव्ह्ज स्टेशनला उतरते, तिथून दोन ब्लॉक चाललं की समोर येते. भिंतीचे तुकडे लोकांच्या डोक्यावर पडू नयेत म्हणून वर जाळ्या लावल्यात. देशभरातल्या गुन्हेगारांना धरणारं खातं आणि स्वतःच्या बिल्डिंगचे ढलपे जाळीत धरतंय. तेव्हा इमारत बदलायला हवी, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. माझंही नाही.

पण न्यायची कुठे? दहा-बारा वर्षं घोळ चाललाय. २०१७ मध्ये एकदा सगळं ठरत आलेलं रद्द झालं. मग काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, तीन जागा दिल्या, मेरीलँडमधल्या ग्रीनबेल्ट आणि लँडओव्हर, व्हर्जिनियातलं स्प्रिंगफील्ड. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रीनबेल्ट निवडलं. आमचं ग्रीनबेल्ट! ग्रीन लाइनचं शेवटचं स्टेशन, त्याच्या शेजारची साठ-एकसष्ट एकर मोकळी जागा. आणि मार्च २०२५ मध्ये अध्यक्ष महाशय, म्हणजे ट्रम्प, न्याय खात्यात भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले की हे लोक एफबीआयचं मुख्यालय तीन तास लांब मेरीलँडमध्ये बांधणार होते, तेही लिबरल राज्यात, आपण ते थांबवतोय.

तीन तास लांब. अहो, मी रोज जाते ना! ग्रीनबेल्टला गाडीत बसते, कॉलेज पार्क जातं, फोर्ट टॉटन जातं, अर्ध्या तासाने आर्काइव्ह्जला उतरते. थर्मासमधला चहा संपत नाही तेवढ्यात. तीन तासांत आम्ही रेल्वेने न्यूयॉर्कच्या जवळ पोचतो.

खरे तीन तास काय असतात ते मला माहीत आहे. ते माझ्या बाबांच्या ऑफिसमधल्या दफ्तरीकाकांना लागणार होते.

माझे बाबा एका सरकारी महामंडळात होते. ऑफिस फोर्टात. आम्ही डोंबिवलीला. डोंबिवलीहून सुटणारी गाडी, ठरलेला डबा, ठरलेली माणसं, व्हीटीला उतरून दहा मिनिटं चालत. १९९४ साली वरून फर्मान आलं की ऑफिस बेलापूरला हलणार. हार्बरची गाडी वर्षभरापूर्वीच तिथे पोचली होती. मुंबईची गर्दी कमी करायची, नवी मुंबई वसवायची, कागदावर सगळं बरोबरच होतं. ठाण्याहून थेट गाडी तेव्हा नव्हती, ती आली २००४ मध्ये. तोपर्यंत बाबा डोंबिवली ते कुर्ला, कुर्ल्याचा तो पूल, आणि मग हार्बर. रात्री नऊला घरी. मी सातवीत होते. माझं गणित तेव्हापासून आईने घेतलं, आणि आईचं गणित... असो.

आणि दफ्तरी. कागदपत्रांच्या खोलीचे राजे. मी एकदा मे महिन्याच्या सुट्टीत बाबांबरोबर गेले होते तेव्हा पाहिलंय. छतापर्यंत लाकडी फळ्या, त्यावर लाल कापडात बांधलेले गठ्ठे. कुणी येऊन म्हणायचं, अमक्या गावच्या जमिनीची फाइल पाहिजे. ते टेबलावरून उठायचे, चष्मा न लावता गठ्ठ्याची गाठ चाचपायचे आणि म्हणायचे, हा नाही, हा माझ्या आधीच्या माणसाने बांधलाय. गाठीवरून वर्ष ओळखायचा माणूस. मला त्यांनी लिमलेटची गोळी दिली होती. ते राहायचे विरारला. विरार ते दादर, दादर ते कुर्ला, कुर्ला ते बेलापूर. तीन गाड्या. जायला तीन तास, यायला तीन तास. नोकरीची चार वर्षं उरली होती. त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली.

माल ट्रकमधून बेलापूरला गेला. गठ्ठ्यांवर खडूने नंबर घातले होते, ते पावसात पुसले गेले. बाबा तीन महिने जमिनीवर मांडी घालून फाइली शोधत होते. पँटच्या गुडघ्यांवर धूळ, नखांत लाल कापडाचा रंग. आई धुवून धुवून कंटाळली.

हे सांगायचं कारण. इथेही असंच झालंय, आणि फार जुनी गोष्ट नाही. सरकारी जमिनी सांभाळणारं ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट नावाचं खातं आहे. २०१९ मध्ये ठरवलं की त्याचं मुख्यालय वॉशिंग्टनमधून उचलायचं आणि कोलोरॅडोत ग्रँड जंक्शनला न्यायचं. कारण ऐकायला गोड होतं, जमिनी पश्चिमेला आहेत मग साहेब पूर्वेला कशाला. ३२८ जागा हलवायच्या होत्या. २८७ माणसं एक तर निवृत्त झाली, नाहीतर दुसरी नोकरी बघून गेली. ४१ जणांनी बिऱ्हाड हलवलं. त्यातले ग्रँड जंक्शनला किती गेले? तीन! हळदीकुंकवाला याहून जास्त बायका होत्या. २०२१ मध्ये मुख्यालय परत वॉशिंग्टनला आणलं. पण त्या २८७ जणांमध्ये दफ्तरी किती होते? गाठीवरून ओळखणारे? ते परत आले नाहीत हो.

आणि यांना वाटतं बदलीची झळ लागली की माणूस सुधारतो.

आता थोडं माझ्याच विरुद्ध बोलते, नाहीतर कमेंटमध्ये तुम्ही बोलालच. वॉशिंग्टनबाहेर काही नेऊच नये असं नाही. बोटांच्या ठशांचा विभाग १९९५ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला नेला, तिथे उत्तम चाललाय. अलाबामात हंट्सविलला एफबीआय गेली कित्येक वर्षं आहे, बाँब निकामी करायला तिथेच शिकवतात. मान्य. ग्रीनबेल्टची निवडही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. जागा मेट्रोची आणि निवडीचा शेवटचा शब्द ज्या बाईंचा, त्या आधी मेट्रोतच होत्या. एफबीआयच्या तेव्हाच्या डायरेक्टरने, म्हणजे क्रिस्टोफर रे यांनी, यावर उघड नाराजी दाखवली होती. तेही मान्य. आणि हो, आम्ही २०२४ मध्ये इथे टाउनहाउस घेतलं तेव्हा नवऱ्याने एक्सेलमध्ये "एफबीआय आल्यास" असा वेगळा कॉलम केला होता. तो कॉलम त्याने अजून डिलीट केलेला नाही. म्हणजे मी काही अगदी निःस्वार्थपणे चिडलेली नाही. बस?

पण माझं म्हणणं वेगळंच आहे. ग्रीनबेल्टला आणा, नका आणू. त्या माणसांचा दिवस कसा जाईल हे कुणी बघितलं का, एवढंच मी विचारते. बघितलं असतं तर मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनाला कुणी तीन तास म्हणालं नसतं. राज्य लिबरल आहे की नाही हे हेडऑफिस ठरवताना तोंडातून निघतंच कसं? फिंगरप्रिंट काय पक्ष विचारून घेतात? हा प्रिन्स जॉर्जेस काउंटीचा भाग आहे, काळ्या लोकांची बहुसंख्या असलेला, आणि मोठी फेडरल ऑफिसं आजूबाजूला गेली तशी इथे आली नाहीत ही इथल्यांची जुनी तक्रार आहे. शेजारच्या आजी (त्या जन्मल्या इथल्याच) निवड झाली त्या दिवशी केक घेऊन आल्या होत्या. रद्द झाल्यावर मी विचारलं, तर खांदे उडवून म्हणाल्या, आम्हाला सवय आहे. मला नाही अजून सवय. म्हणून माझा आवाज चढतो.

जुलै २०२५ मध्ये ठरलं की आता हूवर बिल्डिंगच्याच जवळ, रेगन बिल्डिंगमध्ये जायचं. याच इमारतीत परवापरवापर्यंत यूएसएडचं, म्हणजे परदेशांना मदत देणाऱ्या खात्याचं, मुख्यालय होतं. ते खातंच मोडीत काढलं. माझ्या ओळखीतली एक मुलगी तिथे होती, खोक्यात रोपटं आणि दोन मग घेऊन बाहेर पडली. त्या मजल्यांवर दुसरी माणसं बसणार, आणि आपण म्हणायचं, वा, पैसे वाचले. वाचतीलही. नवीन बांधण्यापेक्षा तयार जागा स्वस्त पडणारच, एवढं मलाही कळतं. मेरीलँड सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टात दावा लावलाय, डिसेंबरमध्ये डायरेक्टर काश पटेल यांनी हूवर बिल्डिंग कायमची बंद करतोय असं जाहीर केलं. दरम्यान वॉशिंग्टन भागातली दीड हजार माणसं बाहेर पाठवायची, त्यातली पाचशे हंट्सविलला, हे फेब्रुवारी २०२५ पासून चाललंय. पाचशे म्हणजे पाचशे घरं. कुणाची मुलगी सातवीत असेल. तिचं गणित कोण घेणार?

(तुघलकाचं नाव काढणार नाही. दौलताबादवर आधीच खूप जणांनी भार टाकलाय.)

मघाशी बाबांना फोन लावला. तिकडे सकाळ झाली होती, पेपर वाचत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, ऐकू थोडं कमी येतं, त्यामुळे एफबीआय म्हटलं की एसबीआय ऐकतात. पाच मिनिटं स्टेट बँकेचं हेडऑफिस कुठे चाललंय यावर काळजी करून झाली. मग नीट सांगितलं. मला वाटलं होतं, बेलापूरचा विषय काढतील, शिव्या घालतील. मी चिडलेच होते, मला साथ हवी होती. पण ते म्हणाले, बेलापूरची बिल्डिंग चांगली होती गं, वारा यायचा. फोर्टात पंख्याखाली जागा मिळवायला भांडणं व्हायची.

म्हटलं, आणि दफ्तरी?

जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मी गेलो होतो एकदा विरारला, त्यांच्याकडे. एक फाइल काही केल्या मिळत नव्हती. त्यांनी पाटावर बसवून जेवायला घातलं, आणि कागदावर खोलीचा नकाशा काढून दिला, जुन्या खोलीचा. ती खोली राहिलीच नव्हती, पण मी काही बोललो नाही. घडी घालून खिशात ठेवला.

हे मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

फाइल मिळाली का, विचारलं. नाही मिळाली, म्हणाले. आणि मग, हंट्सविलला जाणारी माणसं रात्री घरी किती वाजता पोचतात?

मला सांगता आलं नाही.

काकांवरचा राग आता निम्मा उरलाय. तेही वाईट नाहीत, गेल्या वर्षी आमची गाडी बर्फात अडकली तेव्हा फावडं घेऊन तेच आले होते. पण काका, वाचत असाल तर, ते अलाबामाचं पुन्हा म्हणू नका. निदान माझ्या हातात तूप असताना तरी. आणि काकूंचा स्टीलचा डबा चुकून माझ्या पिशवीत आलाय, गूळपोळ्या अजून आत आहेत. मंगळवारी आणून देते, त्यातल्या दोन कमी असतील.