जत्रेतलं सोरट 'लेकरांचा खेळ' नाही

जत्रांचा हंगाम आला की मराठवाड्यातल्या गावागावांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतो: 'सोरट, चक्री, रिंग हा लेकरांचा खेळ आहे. दहा-वीस रुपयांनी कुणी भिकेला लागत नाही. हात बसला की जिंकता येतं. मन कच्चं असेल तोच वाहवत जातो.' चांगली शिकलेली माणसंही हा मजकूर पुढे पाठवतात. मला त्यातलं एकही वाक्य मान्य नाही.

आधी त्या दहा-वीस रुपयांचं बघू. सोरटात एखाद्या चित्रावर पैसे लावायचे आणि चिठ्ठीत निघेल ते चित्र जिंकतं. सोरटाच्या मांडावर छत्री, कबूतर, घोडा अशी बारा चित्रं आहेत आणि लागलेल्या चित्राला दहापट मिळतात असं धरा. प्रत्येक चित्रावर दहा रुपये पडले तर जमतात 120 आणि वाटले जातात 100. उरलेले वीस मांडवाल्याचे, तेही चिठ्ठी प्रामाणिकपणे निघाली तर. शंभर रुपये घेऊन बसलेला गडी जिंकलेलं पुन्हा लावत राहिला, तर दहा डावांनंतर सरासरीने सोळा-सतरा रुपये हाती राहतात. डाव दोन मिनिटांत उरकतो, म्हणून एका डावाला किती लावले यापेक्षा किती डाव झाले हे विचारायला हवं. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात असते. तेव्हा सोयाबीन-कापसाचे पैसे नुकतेच घरात आलेले असतात.

आता 'हात बसला की' याबद्दल. रिंगवाल्याकडे जरा वेळ उभं राहून बघा. साबणाच्या वडीवर रिंग सहज बसते. नोट गुंडाळलेल्या डब्याला मात्र ती जेमतेम पुरते, काठावर आपटते आणि उडते. गर्दीतून आवाज येतो, 'थोडक्यात हुकली रे!' लगेच दुसरी नोट निघते. केंब्रिजच्या संशोधकांनी 2009 मध्ये मेंदूच्या स्कॅनवरून दाखवलं, की थोडक्यात हुकलेला डाव मेंदूतले जिंकल्यावर जागे होणारे भाग चेतवतो. निवड स्वतः केलेली असेल तर पुन्हा खेळायची इच्छाही वाढते. सोरटात चित्र आपणच निवडतो, पण चिठ्ठी कुठली निघणार यात आपलं कसब शून्य. महाराष्ट्राचा 1887 चा जुगारबंदी कायदा सूट देतो ती निव्वळ कौशल्याच्या खेळांना.

लेकरांचा खेळ म्हणाल, तर इंग्लंडच्या समुद्रकाठच्या करमणूक केंद्रांतही नाणी ढकलणारी यंत्रं असतात आणि अगदी कमी रकमेच्या यंत्रांना तिथे वयाची अट नाही. त्यावरून तिथे वाद होतात, कारण पैसे लावायची सवय मजेतच लागते. आपल्याकडे मामाने दिलेली वीसची नोट लेकरू सोरटावर लावतं आणि मोठं झाल्यावर तोच डाव खिशातल्या मोबाइलवर चोवीस तास मिळतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राला 2025 मध्ये बंदीचा कायदा करावा लागला.

राहिलं मन कच्चं असण्याचं. या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ते ऐकून घरचे गप्प बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचा विकार आहे. त्यात माणूस हरलेलं परत मिळवायला खेळतो, घरी खोटं बोलतो, मुकादमाकडून घेतलेली उचलही घालवतो. भावांनी मिळून कर्ज फेडलं की महिन्याभरात नवं होतं. अशा वेळी पैसे हातात देण्याआधी त्याला मानसोपचार तज्ज्ञाकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं आणि घरच्यांनीही फोन केला तरी चालतो.