पोटातलं मारायची गोळी नाही ती

आज संध्याकाळी परळला मेडिकलमध्ये उभी होते. पुढे वीस-बावीसची मुलगी. तिने हळूच इमर्जन्सी गोळी, म्हणजे संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळी, मागितली. काउंटरवरचे काका सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गर्भ पाडायच्या गोळ्या इथे मिळत नाहीत." ती मान खाली घालून निघून गेली. मी मागे धावले, पण स्टेशनच्या गर्दीत दिसलीच नाही.

तेव्हापासून डोकं फिरलंय.

अहो, गर्भ पाडायची गोळी नाहीये ती! ती स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते. म्हणून तर संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. गर्भ आधीच राहिला असेल तर ती त्याला काही करत नाही. रोजच्या गर्भनिरोधक गोळीतल्या हार्मोन्समुळे तर बीज बाहेरच पडत नाही, वर गर्भाशयाच्या तोंडाशी स्राव इतका घट्ट होतो की शुक्राणू आत शिरत नाहीत. गर्भच नाही तिथे हत्या कुणाची?

आई माला-डीचं, त्या रोजच्या गोळ्यांचं, पाकीट साबुदाण्याच्या डब्यात ठेवायची. मी सातवीत असताना ते आजीला सापडलं. "पोटातलं मारायचं औषध माझ्या घरात नको," म्हणत तिने एकेक गोळी दाबून मोरीत टाकली. आई शेवटच्या सात गोळ्या तरी वाचवायला बघत होती. "अहो, ह्या लोहाच्या आहेत, रक्तवाढीच्या." त्याही गेल्या. पुढच्या वर्षी धाकटा झाला. जीव की प्राण आहे आमचा. पण आईच्या अंगात तेव्हा रक्त उरलं नव्हतं.

१९२१ साली र. धों. कर्व्यांनी ह्याच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकी गमावली. आणि आपण अजून मोरीपाशीच!

रोजच्या गोळीने मळमळतं, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका थोडा वाढतो, पस्तिशीपुढे सिगारेट ओढणारीने ती घेऊ नये. मान्य. त्यासाठी डॉक्टर आहेत. गांधीजी संयम पाळा म्हणायचे, तेही ज्याला जमतं त्याने पाळावं. पण आमच्या दीड खोलीत संयम आईच्या हातात होता का?

आजीवर आता राग धरवत नाही. तिची नऊ बाळंतपणं झाली, हाताला चार लागली. तिला कुणी कधी काही विचारलंच नव्हतं.

रात्री आईला फोन करून मेडिकलमधलं सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग एवढंच म्हणाली, "दुसऱ्या दुकानात मिळाली असेल ना गं तिला?"