अबोटाबाद, व्हाया वागळे इस्टेट

नंद्यानं २ मे २०११ च्या संध्याकाळी फटाके लावले, आणि तिथून जो वाद पेटला तो आज तीन आठवडे होत आले तरी विझायचं नाव घेत नाही. फटाके मुद्दाम आणलेले नव्हते. वर्ल्ड कप जिंकलो तेव्हाच्या दोन माळा उरल्या होत्या. पावसाळ्यात सादळण्याआधी उडवून टाकाव्यात, हाही हिशेब त्यात असणार. नंद्याला मी ओळखतो. पण लावल्या त्या अमेरिकेनं पाकिस्तानात अबोटाबादला घुसून मारलेल्या ओसामा बिन लादेनच्या नावानं, सोसायटीच्या गेटसमोर, आणि नेमके काका तेव्हा कौपिनेश्वराच्या दर्शनाला निघाले होते.

"मेलेल्या माणसावर फटाके?" काका म्हणाले.

"मग काय, श्राद्ध घालू?" नंद्या म्हणाला.

तलावपाळीच्या कट्ट्यावर तेव्हापासून हाच विषय. आमचा कट्टा म्हणजे गडकरी रंगायतनच्या बाजूची ती बुटकी भिंत. मंडळी ठरलेली. काका ठाणे कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेत, त्यामुळे बोलताना अजून रजिस्टरमध्ये नोंद केल्यासारखे बोलतात. अन्वर राबोडीचा, त्याचा वागळे इस्टेटमध्ये लेथचा गाळा आहे. मिलिंद आणि मी शाळेपासूनचे. शनिवारी मिलिंदची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, फेरी मारायला येतात आणि फेरी न मारता आमच्यातच बसतात.

काल शनिवार होता. सुरुवात काकांनीच केली, संस्कृतातून. "मरणान्तानि वैराणि. रावण पडल्यावर राम म्हणाला."

"पडल्यावर म्हणाला ना? आधी पाडला," नंद्या म्हणाला. "मीही तेच केलं. तो पडला, मग माळ लावली."

"रामानं बिभीषणाला अंत्यसंस्कार कर म्हणून सांगितलं. माळा लाव म्हणून नाही सांगितलं."

मग अफजलखान आला. ठाण्यात कुठलाही वाद दहा मिनिटांत प्रतापगडावर पोचतो, त्याला इलाज नाही. खान मारला तेव्हा मावळ्यांनी आनंद केला नसेल का, हा नंद्याचा मुद्दा. केला असेल, पण खानाची कबर तिथेच पायथ्याशी बांधली, हा काकांचा. दोघांचंही खरं, त्यामुळे तो विषय तिथेच अडकला. काकांनी मग व्हॅटिकनचा आधार घेतला. त्यांच्या प्रवक्त्यानंही सांगितलंय, म्हणे, की माणूस मेल्याचा ख्रिस्ती माणसाला आनंद होत नसतो.

"व्हॅटिकनवर विमानं नव्हती आदळली," नंद्या म्हणाला. "न्यूयॉर्कवर आदळली. जवळजवळ तीन हजार माणसं. त्यांना विचारा."

यावर काका गप्प बसले. पण माघार घेतली असं समजू नका. ते चष्मा पुसत होते.

मधल्या वेळात मिलिंदनं अबोटाबादच्या घराचा विषय काढला. त्याला यातलं राजकारण नको असतं, तपशील हवे असतात. चाळीस मिनिटांत खेळ खलास, एक हेलिकॉप्टर आवारात आपटलं, अमेरिकेचा माणूस एकही गेला नाही. घराला ना फोन, ना इंटरनेट. भिंती दोन-तीन पुरुष उंच. कचरा बाहेर देत नसत, आवारातच जाळायचे, आणि त्यावरूनच संशय वाढला. "पाकिस्तानची मिलिटरी ॲकॅडमी दीड किलोमीटरवर सुद्धा नाही, आणि म्हणे आम्हाला माहीत नव्हतं."

"आपल्या तिसऱ्या मजल्यावरचे पण कचरा देत नाहीत," वहिनी म्हणाल्या. "बघा एकदा."

तेवढ्यात कटिंग आला आणि काका पुन्हा सरसावले. आता ते त्यांच्या हद्दीत होते. "ओबामा म्हणाला, न्याय झाला. कुठल्या कोर्टात? आरोपपत्र कुठंय, आरोपीचा जबाब कुठंय? पहिल्या दिवशी सांगितलं, त्याच्या हातात शस्त्र होतं, बायकोला ढाल केलं. दुसऱ्याच दिवशी व्हाइट हाउसच म्हणालं, शस्त्र नव्हतं आणि ढालही नव्हती. माझ्यासमोर असा पंचनामा आला असता तर मी परत पाठवला असता."

"काका, तो ओसामा होता. तुमच्या कोर्टातला पाकीटमार नव्हता."

"लाखो ज्यूंना छळछावण्यांत धाडणारा तो नाझी आइकमन काय पाकीटमार होता? इस्रायलनं त्याला अर्जेंटिनातून उचलला, जेरुसलेमला आणून खटला चालवला, मग फाशी दिली. इस्रायलनं, नंदू! तुझ्या आवडत्या इस्रायलनं."

हा फटका बसला. नंद्या इस्रायलचा भक्त आहे. पण तो फार वेळ पडून राहणाऱ्यातला नाही. "खटला चालवायचा, आणि मग पोसत बसायचं? कसाब बघा. अजून आर्थर रोडला बसून बिर्याणी खातोय." बिर्याणी आलीच. कसाबचा विषय निघाला आणि बिर्याणी निघाली नाही असं आमच्या कट्ट्यावर कधी झालेलं नाही.

"कसाबला गेल्या वर्षी ६ मेला फाशी सुनावली," काका शांतपणे म्हणाले. "या फेब्रुवारीत हायकोर्टानं कायम केली. आता सुप्रीम कोर्ट. आणि अजून एक ऐक. त्याच न्यायाधीशानं त्याच निकालात दोन भारतीय आरोपींना पुराव्याअभावी सोडलं. हायकोर्टानं तेही कायम केलं. कसाबच्या दिवशी तुझ्या हातात बंदूक दिली असती तर तू तिघांनाही घातली असती."

"घातली असती," नंद्या म्हणाला. प्रामाणिक आहे बिचारा.

अन्वर एवढा वेळ शेंगदाणे सोलत बसला होता. ओसामाच्या विषयात तो पडत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला जो भेटेल तो "काय अन्वरभाई, काय म्हणता?" असं विचारत होता. त्यानं एकदाच सांगितलं होतं की लेथच्या जॉबबद्दल विचारायचं असेल तर विचारा. पण समुद्रात केलेल्या दफनाचा विषय मिलिंदनं काढला, तेव्हा तो बोलला. अमेरिकेनं ओसामाला त्याच दिवशी अरबी समुद्रात युद्धनौकेवरून सोडलं, कुठं कबर झाली तर जत्रा भरेल म्हणून. हे बरोबर की चूक, असं मिलिंद विचारत होता.

"त्यांना जागा मिळाली नाही तर समुद्र मिळाला," अन्वर म्हणाला. "इथं काय झालं आठवतंय? कसाबबरोबरचे नऊ मेले. मरीन लाइन्सच्या बडा कबरस्तानच्या ट्रस्टनं सांगितलं, आमच्या जमिनीत नाही. मढी वर्षभर जे. जे.च्या शवागारात पडून. शेवटी गेल्या वर्षी जानेवारीत सरकारनं गुपचूप कुठंतरी पुरली, आणि आर. आर. आबांनी एप्रिलमध्ये सांगितलं. तेव्हा आम्ही कुणी फटाके लावले नाहीत. फक्त जागा दिली नाही."

नंद्यालाही यावर काही सुचलं नाही. मला विचाराल तर दोनशे छप्पन्न माळांपेक्षा त्या नकाराचा आवाज मोठा होता. पण हे मी तिथे बोललो नाही, कारण अन्वरला कौतुक केलेलं आवडत नाही.

मी बोललो ते दुसरंच. २ मेला सकाळी नऊच्या सुमारास ओबामा टीव्हीवर आला तेव्हा मी लोकलमध्ये होतो, मुलुंडच्या पुढे. कुणाच्या तरी मोबाइलवर मेसेज आला आणि डब्यात बातमी पसरली. पहिली प्रतिक्रिया काय असावी? "बरं झालं" नाही, "अरेरे" तर नाहीच. कोपऱ्यातला एक जण म्हणाला, "आपला दाऊद कधी?" आणि सगळा डबा त्याच्यावर तुटून पडला. हाफिज सईद कधी, मसूद अझर कधी. दादरपर्यंत ओसामा कुणाच्या तोंडात उरला नव्हता. माझं म्हणणं एवढंच की आपल्याला आनंदही झालेला नाही आणि दुःखही नाही. आपल्याला हेवा वाटतोय. लोकाच्या लग्नात आपण नाचलो ते आपलं जमत नाही म्हणून.

"हेवा तर हेवा!" नंद्या उसळला. "का वाटू नये? हाफिज सईद लाहोरला उजळ माथ्यानं फिरतोय, त्याच्या लोकांनी ओसामासाठी नमाज पढली. मुंबई हल्ल्याआधी हेडलीनं इथं येऊन ताज, सीएसटी सगळं बघून ठेवलं, त्याला अमेरिका आपल्याकडे द्यायला तयार नाही. स्वतःचा मारायचा आणि आमचा जपायचा! आपले लष्करप्रमुख म्हणालेत, असलं ऑपरेशन आपल्यालाही जमेल. यादी तर तयार आहे. पन्नास नावं. मार्चमध्ये पाकिस्तानला दिलीच आहे. एकेक पत्ता शोधायचा आणि…"

तो मध्येच थांबला. कारण अन्वर हसत होता.

ज्यांनी या आठवड्यात पेपर वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ती पन्नास जणांची यादी सरकारनं ११ तारखेला जाहीर केली. पाकिस्तानात लपलेले, आम्हाला हवे असलेले लोक. आणि मंगळवारी पेपरात आलं की त्यातला एक जण पाकिस्तानात नाहीच, तो ठाण्यात राहतो. वागळे इस्टेटमध्ये. २००३ च्या मुलुंडच्या लोकलस्फोटातला आरोपी. गेल्या वर्षी अटक झाली, कोर्टानं जामीन दिला, आई-बायको-मुलांसोबत घरी राहतो आणि तारखेला हजर होतो. सरकारनं चूक कबूल केली. ती करून दोन दिवस होतात न होतात तोच यादीतला आणखी एक जण सापडला, थेट आर्थर रोड तुरुंगात. सीबीआयनं यादी वेबसाइटवरून काढून टाकली.

"पत्ता शोधायचा ना?" अन्वर म्हणाला. "मी देतो. हेलिकॉप्टर तीन हात नाक्यावरून डावीकडे घ्यायला सांग. फक्त माझ्या गाळ्यावर पाडू नका, पत्रे नवीन टाकलेत."

सगळे हसलो. नंद्याही हसला, पण त्याचा चेहरा उतरला होता. मंगळवारपासून तो या विषयावर गप्प होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. बोलण्याच्या भरात काल विसरला, एवढंच.

काका मात्र हसले नाहीत. "हेच म्हणतोय मी," ते म्हणाले. "ओसामाचं सोड. त्यानं स्वतः टेपवर सांगितलं होतं, त्याच्याबद्दल शंका नव्हती. पण एकदा रीत पडली की ती यादीवर चालते. आणि यादी कोण करतं? कारकून करतो. जुन्या यादीवरून नवी यादी उतरवतो. मी पस्तीस वर्षं हेच बघितलं. जामीन झालेल्या माणसाच्या नावावर वॉरंट निघालेलं बघितलंय, मेलेल्या माणसाला समन्स गेलेलं बघितलंय. कोर्टात निदान कुणीतरी उभा राहून सांगतो, साहेब, हा तो नव्हे. हेलिकॉप्टरला कोण सांगणार?"

"म्हणजे अमेरिकेनं त्याला सोडायचा होता?"

"सोडायचा नव्हता. तो मेला याचं मला काडीचं दुःख नाही. मी फक्त म्हणालो, फटाके लावू नकोस." मग जरा थांबून म्हणाले, "आणि मेला म्हणून काय संपलं? १३ तारखेला तिकडे पेशावरच्या बाजूला निमलष्करी दलाची पोरं सुट्टीवर निघाली होती, गाड्यांत बसत होती. ऐंशीच्या वर गेली. तालिबान म्हणाले, ओसामाचा बदला. त्या पोरांनी कुणाला मारलं होतं?"

नंद्यानं कप कट्ट्यावर आपटला. "बदला ते नाहीतरी घेणारच होते. ओसामा जिवंत होता तेव्हा कमी बॉम्ब फुटले?" हेही खरंच आहे. काकांना त्याचं उत्तर देता आलं नाही.

वहिनी बोलल्या त्या एकदम वेगळ्या सुरात. त्या व्हीटीला बँकेत होत्या, परवापरवापर्यंत लेडीज फर्स्ट क्लासनं जायच्या. मुलुंडचा तो स्फोट त्याच डब्यात झाला होता. १३ मार्च २००३, रात्रीची कर्जत लोकल मुलुंडमध्ये शिरत होती, पुढचं स्टेशन ठाणं. "दुसऱ्या दिवशी सगळ्या कामाला गेलो," त्या म्हणाल्या. "डब्यात कुणी कुणाशी बोलत नव्हतं, फक्त एकच वाक्य. रॅकवर पिशवी दिसली की, ही कुणाची? आणि जिची असेल तिनं हात वर करून दाखवायची, माझी. वर्षभर चाललं ते. एकीची भाकरीच्या डब्याची पिशवी होती, तिनं रोज ती मांडीवरच धरायला सुरुवात केली. तुमच्या ओसामाचं मला काहीच वाटलं नाही, नंदूभावजी. ना बरं, ना वाईट. त्या वागळे इस्टेटवाल्याची बातमी वाचली तेव्हा मात्र वाटलं."

"चीड आली ना?" नंद्या म्हणाला.

"चीड नाही. मला वाटलं, अजून केस चालूच आहे? आठ वर्षं झाली. त्यानं केलं असेल तर तो घरी कसा, आणि केलं नसेल तर आठ वर्षांत कुणी सांगितलं का नाही? काका, तुम्ही म्हणता कोर्टात न्याय. मग द्या की."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. पुसायचं म्हणून त्यांनी चष्मा काढला आणि हातातच धरून ठेवला. त्यांच्याकडे याचं उत्तर नव्हतं आणि त्यांनी ते आहे असं दाखवलंही नाही, हे मला आवडलं.

मिलिंदनं विषय बदलायचा म्हणून सांगितलं की सोमवारी शिकागोत राणावरचा, म्हणजे हेडलीला मदत केल्याचा आरोप असलेल्या त्याच्या मित्रावरचा, खटला उभा राहतोय, हेडली साक्ष देणार आहे, आयएसआयचं काय काय बाहेर येतं बघू.

"सोमवारी का? २३ ला?" वहिनींनी विचारलं. "आणि मुलुंडच्या केसची पुढची तारीख कधी आहे?"

आम्ही सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, 'पोटा' या दहशतवादविरोधी कायद्याचं स्पेशल कोर्ट आहे, मुंबईत, माझ्याकडे तिथला बोर्ड येत नाही. नंद्या म्हणाला, मी बघतो, एक वकील ओळखीचा आहे. अन्वर म्हणाला, वागळेला जाऊन त्यालाच विचारतो, त्याला पाठ असेल.