पोचपावती हातात आहे, पण परवानगी कुठे आहे?

मुंबईतल्या मंडळांच्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मथळा ठसठशीत आहे: ‘आंदोलनाला पोलिसांची परवानगी लागत नाही, संविधान वाचा!’ त्याखालचे मुद्दे असे. कलम 19 नुसार कुठेही जमता येतं. पोलीस ठाण्यात पत्र देऊन पोच घ्यावी, 48 तासांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजावं. जमावबंदी फक्त दंगलीच्या वेळी असते. रात्री दहापर्यंत स्पीकरला कुणी अडवू शकत नाही. आणि तोडफोड झालीच तर ती करणारा जबाबदार, बोलावणारा नाही. शेवटी ‘जास्तीत जास्त शेअर करा’ हे आलंच.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. पण हे वाचून उद्या चौकात उभा राहणारा माणूस वकील नसतो. तो मंडळाचा चिटणीस असतो, आणि गुन्हा त्याच्या नावावर नोंदला जातो.

कलम 19 पासून सुरुवात करू. शांततेने आणि शस्त्रांशिवाय एकत्र जमण्याचा हक्क तिथे आहे, यात वाद नाही. मेसेज तिथेच थांबतो. त्याच कलमाचा तिसरा खंड सांगतो की देशाची सार्वभौमता, एकात्मता आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी या हक्कावर वाजवी निर्बंध घालता येतात. ‘वाजवी’ म्हणजे किती, याचं उत्तर आपल्याच पोलीस कायद्यावरून झालेल्या एका खटल्यात मिळतं. 1951चा मुंबई पोलीस कायदा, म्हणजे आजचा महाराष्ट्र पोलीस कायदा, गुजरातेतही लागू होता. अहमदाबादच्या हिमतलाल शहांना रस्त्यावर सभा घ्यायची होती, पोलिसांनी नाही म्हटलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1972 साली घटनापीठाने सभेला परवानगी सक्तीची करणारा पोलिसांचा नियमच रद्द केला. कारण परवानगी कशाच्या आधारावर द्यायची किंवा नाकारायची हे त्यात कुठेच नव्हतं, सगळं अधिकाऱ्याच्या मर्जीवर होतं. सरकारला शहरातले सगळे रस्ते सभांसाठी बंद करता येणार नाहीत, हेही न्यायालयाने सांगितलं. मात्र सभा कुठे, कधी, कशी घ्यायची याचं नियमन करता येईल, हेही त्याच निकालात आहे. मेसेजवाल्यांना पहिला अर्धा भाग आवडतो, काही अधिकाऱ्यांना दुसरा.

‘कुठेही’ हा शब्द तर मुंबईत अजिबात चालत नाही. नरिमन पॉइंट-चर्चगेट भागातले रहिवासी रोजच्या मोर्चांना कंटाळून 1997 साली उच्च न्यायालयात गेले, आणि तेव्हापासून दक्षिण मुंबईतली आंदोलनं आझाद मैदानाच्या ठरवून दिलेल्या भागात होऊ लागली. जानेवारी 2020 मध्ये गेट वेसमोर रात्रभर बसलेल्या निदर्शकांना पोलिसांनी तिथून उचलून आझाद मैदानात नेलं, ते काही अचानक सुचलं म्हणून नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीतल्या शाहीन बागच्या रस्त्यावरच्या आंदोलनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही, निदर्शनं ठरवून दिलेल्या जागीच व्हावीत.

आता राज्याने सभा, आंदोलनं आणि मिरवणुका यांसाठी 2025चे स्वतंत्र नियम केले आहेत. त्यांची पहिली मोठी परीक्षा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाली. मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे मुंबईकडे निघाले असताना उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की परवानगीशिवाय आझाद मैदानात बसता येणार नाही. परवानगी मिळाली ती एका दिवसाची, सकाळी 9 ते संध्याकाळी 6, जास्तीत जास्त 5000 माणसं. मुदत पुढे वाढली, पण लोक मैदानात मावले नाहीत. सीएसएमटी आणि फोर्टचे रस्ते भरून गेले, आणि 1 सप्टेंबरला न्यायालयाने रस्ते मोकळे करण्याचा आदेश दिला. मागणी योग्य की अयोग्य हा तिथे प्रश्नच नव्हता. परवानगीच्या कागदावर काय लिहिलंय आणि रस्त्यावर काय चाललंय, एवढंच बघितलं गेलं.

वेळ आणि मार्ग ठरवला की आंदोलनाचं पाणी होतं, असंही नाही. मार्च 2018 मध्ये नाशिकहून चालत आलेले शेतकरी सायनच्या सोमय्या मैदानावर उतरले होते. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता, म्हणून ते रात्रीच उठून आझाद मैदानापर्यंत चालत गेले. मुंबईकरांनी त्या मोर्चाला पाणी आणि खाणं दिलं ते काय उगाच?

जमावबंदीचा मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो वाचून माणूस बेसावध राहतो. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37(3) खाली पोलीस आयुक्त सभा आणि मिरवणुकांवर मनाई आदेश काढू शकतात. त्यासाठी दंगल व्हावी लागत नाही. राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय असा आदेश 15 दिवसांपलीकडे चालत नाही. म्हणून मुंबईत एक संपला की दुसरा, असं वारंवार होतं. आदेशात पाच किंवा अधिक लोकांनी जमू नये असं म्हटलेलं असतं आणि पुढे अपवादांची यादी असते: लग्न, अंत्ययात्रा, सिनेमागृहं, शाळा, न्यायालयं, कारखाने, कंपन्या आणि सोसायट्यांच्या सभा. यादीच्या शेवटी परिमंडळाच्या उपायुक्तांनी परवानगी दिलेल्या सभा-मिरवणुका येतात. तुमचं आंदोलन कायदेशीर ठरतं ते या शेवटच्या ओळीमुळे. परवानगी नसेल तर आदेश मोडल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम 223, म्हणजे जुन्या दंड संहितेचं 188, लागू शकतं.

‘आम्ही चौघंच उभे राहू, पाच होणारच नाही,’ असं म्हणणारे हुशार लोकही असतात. आदेशाच्या अक्षरात ते बसतं. पण पोलिसांनी दिलेल्या वाजवी सूचना पाळणं महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 68 प्रमाणे प्रत्येकाला बंधनकारक आहे, आणि न पाळणाऱ्याला कलम 69 खाली तिथून हटवता येतं. व्हॅनमध्ये घालून न्यायचं आणि वेळ टळली की सोडून द्यायचं, या ओळखीच्या प्रकाराचं मूळ इथे आहे.

माझं मत विचाराल तर दर पंधरवड्याला नवा आदेश काढत राहणं ही वाईट सवय आहे. जानेवारी 2020 मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या जमावबंदीच्या कलम 144 बद्दल सांगितलंच आहे की असे आदेश पुन्हा पुन्हा काढणं हा अधिकाराचा गैरवापर ठरतो आणि मतभेद दडपायला ते वापरता येणार नाहीत. त्याच वर्षी फेब्रुवारीत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या धरणे आंदोलनाआड आलेला आदेश औरंगाबाद खंडपीठाने रद्द केला. पण लक्षात घ्या, माजलगावकर अर्ज करून, नकार घेऊन न्यायालयात गेले होते.

तेच पोचेबद्दल. सभा-मोर्चासाठी मौन म्हणजे संमती, असं सांगणारं कलम महाराष्ट्र पोलीस कायद्यात नाही. आवक खिडकीवर बसलेला हवालदार शिक्का मारतो तो कागद आला म्हणून. त्याला परवानगी द्यायचा अधिकारच नाही. तरी ती पोच जपून ठेवा. अर्ज किती आधी दिला आणि उत्तर कुणी दिलं नाही, याचा तोच पुरावा. अर्जात तारीख, वेळ, जागा किंवा मार्ग, अंदाजे माणसं, स्पीकर, वाहनं, स्वयंसेवक आणि जबाबदार व्यक्तीचं नाव-फोन हे नीट लिहा. ‘साहेब नाही म्हणाले’ यावर परत फिरू नका, नकार लेखी मागा. तोंडी नकाराला आव्हान देताना वकिलाच्या हातात काहीच नसतं. 2022 मध्ये दसरा मेळाव्यासाठी शिवाजी पार्क द्यायला महापालिकेने नकार दिला, तेव्हा ठाकरे गट तो कागद घेऊनच उच्च न्यायालयात गेला आणि मेळावा झाला. यातून दुसरी गोष्टही दिसते. मैदान महापालिकेचं, बंदोबस्त पोलिसांचा. एका कार्यालयाचा होकार दुसऱ्याच्या होकारात धरला जात नाही. रस्त्यावर मांडव घालायचा असेल तर वॉर्ड ऑफिस आणि वाहतूक पोलीसही आले.

स्पीकरचं थोडक्यात. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लेखी परवानगी दिवसाही लागते. रात्री 10 ते सकाळी 6 ही बंदी त्याहून वेगळी, आणि तिच्यात मध्यरात्रीपर्यंत सूट द्यायचे वर्षाला जास्तीत जास्त 15 दिवस सरकार ठरवतं. परवानगी मिळाली तरी आवाजाची मर्यादा सुटत नाही: निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून 100 मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र ठरवता येतो, तिथे मर्यादा आणखी कमी. मुंबईत यातलं काहीच जवळ नाही असा चौक शोधून दाखवा.

राहिली आयोजकाची जबाबदारी. 30 जुलै 2003च्या मुंबई बंदवरून उच्च न्यायालयाने 2004 साली शिवसेना आणि भाजप यांना प्रत्येकी 20 लाख रुपये भरायला लावले. दगड कुणी मारला हे शोधत न्यायालय बसलं नाही. बंद पुकारला कुणी, हे पाहिलं. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरच्या अत्याचाराच्या घटनेवरून पुकारलेला महाराष्ट्र बंद उच्च न्यायालयाने आदल्या दिवशी रोखला, तेव्हा महाविकास आघाडीच्या नेत्यांनी बंद मागे घेतला आणि तोंडाला काळ्या पट्ट्या बांधून निदर्शनं केली. मोठ्या पक्षांकडे रातोरात सल्ला देणारे वकील असतात. मंडळाच्या चिटणिसाकडून परवानगीबरोबर हमीपत्र घेतलं जातं, आणि त्याच्या तळाशी एकट्याची सही असते.