ओटीपी कुणाला देऊ नका म्हणे!

आज शाळेत पालकांना बोलावलं होतं. विषय सायबर सुरक्षा. वेळ दहाची, पाहुणे उगवले पावणेअकराला. मग समई, शाल-श्रीफळ, स्वागतगीत. मूळ विषयाला उरली वीस मिनिटं, त्यातली पंधरा ओटीपीवर गेली. समोर सातवी-आठवीची मुलं! ज्यांचं खातं असेल त्यांचं पासबुकसुद्धा आईच्या कपाटात. "कुणाला शंका?" एकही हात वर नाही. कसा येणार? मागे मुख्याध्यापक, बाजूला आम्ही आईबाप. मग टाळ्या, सामोसे, फोटो. आणि तो फोटो, सगळ्या मुलांच्या चेहऱ्यांसकट, अर्ध्या तासात शाळेच्या फेसबुकवर. सायबर सुरक्षेच्या कार्यक्रमाचा!

माझ्या बहिणीची मुलगी गेल्या वर्षी सातवीत होती. गणेशचतुर्थीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीखाली, काढलेला तिचा फोटो लावून कुणीतरी इन्स्टावर तिच्या नावाचं खातं उघडलं आणि वर्गातल्या मुलांना घाणेरडे मेसेज पाठवले. तिने वर्गात बाईंना सांगितलं. उत्तर काय मिळालं? "तुला इन्स्टा हवंच कशाला?" तिच्याकडे इन्स्टा नव्हतंच हो! त्यानंतर अकरा दिवस पोर गप्प. आम्हाला वाटलं, परीक्षेचं टेन्शन.

तेरा वर्षांखालच्यांना इन्स्टावर खातं उघडता येत नाही, ठाऊक आहे. 'फोनच देऊ नका' म्हणणाऱ्यांचंही थोडं खरं आहे. पण अभ्यास वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोण टाकतं?

आम्हाला कळलं तेव्हा तिच्या मैत्रिणींनी घाबरून सगळे मेसेज डिलीट केले होते आणि ते खातंही नाव बदलून गायब. इथे गोव्यात रायबंदरला सायबर पोलिसांकडे गेलो. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, खात्याची लिंक आहे? स्क्रीनशॉट? आमच्याकडे काय होतं, तर रडवेली पोर. "मावशे, हांवें कितेंच करूंक ना गे," मी काहीच केलं नाही गं, एवढंच म्हणत होती.

म्हणून आज ओटीपी ऐकताना डोकं फिरलं. डिलीट करू नका, आधी खात्याच्या लिंकसकट स्क्रीनशॉट घ्या, हे कोण सांगणार? सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार करता येते, तिथे मुलांवरच्या लैंगिक प्रकारांची तक्रार नाव न देताही नोंदवता येते, हे? 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, हे? पाहुण्यांनी 1930 हा हेल्पलाइन नंबर तेवढा फळ्यावर लिहिला. तो मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी! गोव्यात मुलांसाठी वेगळा कायदा 2003 पासून आहे, तरी ही गत! शाळांत कोडिंग आलं, रोबोटिक्स आलं. मग त्याच लॅबमध्ये महिन्यातून एक तास ह्याला का नाही? भाषण नको. खोटं खातं रिपोर्ट कसं करायचं ते मुलांकडून हातांनी करून घ्या.

शिक्षकांना निवडणूक, सर्वेक्षण, शंभर रजिस्टरं, मान्य. घरी आल्यावर त्या बाईंचाच फोन आला, 'इन्स्टा हवंच कशाला' म्हणणाऱ्या. म्हणाल्या, "मला काय करायचं तेच माहीत नव्हतं, म्हणून ओरडले." मी वाद घालायच्या तयारीत होते, घातला नाही. त्यांना तरी कुणी शिकवलंय? प्रत्येक शाळेत एका शिक्षकाला नीट तयार करा, आणि मुलांना सांगा, काही झालं तर ह्यांच्याकडे जा, आधी ओरडा बसणार नाही. बस्स. शाल-श्रीफळाचे पैसे वाचतील ते वेगळंच.

आणि एक गोष्ट इथवर लिहायची टाळत होते. माटोळीखालचा तो फोटो मीच टाकला होता, ह्याच वॉलवर, सगळ्यांना दिसेल असा. तुमच्यातल्या कित्येकांनी 'किती गोड' लिहिलंय त्याखाली. वर्षभर तो तिथेच होता. आज दुपारी काढला.